कर्व्यांचा विषय, आगरकरांची अट



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात गृहविज्ञान शिकवलं. त्यांना आयुष्यभर एक प्रश्न विचारला गेला. मलाही तोच विचारला गेला, आणि यंदा या शाखेत प्रवेश घेतलेल्या मुलीलाही घरी, नात्यात, बसमध्ये तोच विचारला जात असणार. प्रश्न असा, की घरकाम शिकायला विद्यापीठ कशाला लागतं?

मी या प्रश्नाला उडवून लावणार नाही. जिथे सार्वजनिक पैसा खर्च होतो, तिथे असा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण तो विचारणाऱ्याला मला आधी थोडं मागे न्यायचं आहे, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्या कॉलेजात दोन माणसं एकाच वेळी होती. गोपाळ गणेश आगरकर प्राचार्य होते, आणि धोंडो केशव कर्वे गणित शिकवत होते. आगरकरांचं मत त्यांच्या ‘सुधारक’ पत्राच्या वाचकांना तोंडपाठ होतं. स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्या, आणि तेही एकत्र द्या, असं ते सांगत. १८९५ साली, चाळिशीही न गाठता, ते गेले. पुढे जपानच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ उभं केलं. शिक्षण मातृभाषेतून, आणि अभ्यासक्रमात घर, आरोग्य, बालसंगोपन. म्हणजे कर्व्यांनी घर विद्यापीठात नेलं. पण ते फक्त बायकांच्या विद्यापीठात नेलं.

कर्व्यांना यासाठी दोष देणं मला पटत नाही. १९१६ साली मुलीला घराबाहेर काढायचं तर तिच्या बापाला काहीतरी पटेल असं सांगावं लागत होतं, आणि ‘तुमची मुलगी संसार अधिक चांगला करील’ हे त्याला पटत होतं. त्या युक्तिवादाच्या बळावर हजारो मुली शिकल्या. माझ्या घरातल्या दोन पिढ्या त्यातच आल्या. पण त्याची किंमत विषयाने मोजली. विषय बायकांचा ठरला, आणि बायकांचा ठरला म्हणून हलका ठरला. तेव्हा आज मला एकच गोष्ट मांडायची आहे. कर्व्यांनी आणलेला विषय आपण ठेवावा, पण आगरकरांच्या अटीवर. एकच, आणि एकत्र.

आता विषयाकडे येते. याचा उगम स्वयंपाकघरात झाला असं लोक धरून चालतात. पण याची एक मोठी सुरुवात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. एलन स्वॉलो रिचर्ड्स हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते. १८७० साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने, म्हणजे आज सगळं जग ज्याला एमआयटी म्हणतं त्या संस्थेने, पहिल्यांदा एका बाईला प्रवेश दिला. ती ही. तिच्याकडून फी घेतली नाही. तिला वाटलं, आपली परिस्थिती पाहून माफ केली असेल. पुढे कळलं की कुणी आक्षेप घेतलाच तर ‘ही आमची विद्यार्थिनीच नाही’ असं म्हणता यावं, अशी ती सोय होती. तरी ती शिकली आणि १८७३ साली पदवीधर झाली.

या बाईने काय केलं? पाणी तपासलं. १८८७ पासून मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नद्या, तळी आणि विहिरींचे हजारो नमुने तिच्या देखरेखीखाली तपासले गेले. त्यातली युक्ती ऐकण्यासारखी आहे. समुद्राजवळच्या गोड्या पाण्यातही मिठाचा, म्हणजे क्लोराइडचा अंश थोडा जास्त असतो, आणि जसजसं आत जावं तसा तो कमी होत जातो. हे प्रमाण नकाशावर मांडलं, तर कोणत्या गावच्या पाण्यात निसर्गतः किती क्लोराइड असायला हवं ते कळतं. मग एखाद्या विहिरीत त्याहून जास्त सापडलं, तर ते आलं कुठून? माणसाच्या मलमूत्रातून. म्हणजे विहिरीत कुठून तरी सांडपाणी मुरतंय. रोग पसरण्याआधीच नकाशा बोट दाखवतो.

याच बाईने किराणा मालातली भेसळ तपासली. याच बाईच्या पुढाकाराने १८९९ साली लेक प्लॅसिड इथे मोजकी माणसं जमली आणि घराचं शास्त्र स्वतंत्र विद्याशाखा म्हणून आकाराला येऊ लागलं. तिचं म्हणणं सरळ होतं. घरात येणारं पाणी, हवा, दूध आणि पीठ बाहेरून येतं. त्यामुळे घर निरोगी ठेवायचं तर नदी, गटार, बाजार आणि कायदा यांचं ज्ञान हवं. उंबरठ्याच्या आत नुसती टापटीप शिकवून भागणार नाही.

हे ऐकल्यावर मला सांगा, हा विषय सोपा आहे का? यात रसायन आहे, शरीरशास्त्र आहे, अर्थशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे. आणि हा फक्त मुलींचा कसा?

भारतात हे रोप लावण्यातही पुण्याचा वाटा आहे. १९२७ च्या जानेवारीत अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन पुण्यात भरलं, तेही फर्ग्युसन कॉलेजात. त्या परिषदेच्या प्रयत्नांतून १९३२ साली दिल्लीला लेडी आयर्विन कॉलेज निघालं. स्वातंत्र्यानंतर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हंसाबेन मेहता कुलगुरू असताना गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ याजागी ‘सर्व माणसं’ असा बदल व्हावा म्हणून आग्रह धरणाऱ्या त्या याच हंसाबेन. मुंबईत जुहूला एसएनडीटीचं, म्हणजे कर्व्यांच्याच महिला विद्यापीठाचं, गृहविज्ञान महाविद्यालय १९६४ पासून आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी बाईच्या श्रमांचं मोजमाप होतं. वाकून खुरपताना, कापूस वेचताना हृदयाचे ठोके किती वाढतात, कमरेवर ताण किती येतो, अवजाराची मूठ कशी बदलली तर तो कमी होतो, हे तिथे तपासलं जातं. मराठवाड्यातल्या बाईच्या कमरेला विज्ञानाचा विषय मानणारी दुसरी कोणती विद्याशाखा आहे, मला ठाऊक नाही.

पण नावं आणि साली बाजूला ठेवू. हा अभ्यास प्रत्यक्षात करतात कसा, ते तुम्हाला जवळून दाखवते. एकच उदाहरण घेते. आहार-सर्वेक्षण.

आमची विद्यार्थिनी वस्तीत जाते तेव्हा तिच्या पिशवीत ठराविक मापाच्या वाट्या, दोन-तीन आकारांचे चमचे, एक पेला आणि पुठ्ठ्याच्या कापलेल्या चकत्या असतात. चकत्या भाकरीच्या आणि पोळीच्या मापाच्या. पहिला प्रश्न असतो, ‘काल उपास होता का? सण होता का? घरी पाहुणे होते का?’ कारण काल चतुर्थी असेल तर कालच्या दिवसावरून रोजचा आहार कळत नाही. मग ती उठल्यापासून झोपेपर्यंतचं विचारत जाते. तुम्ही काय जेवलात, असं घरातल्या बाईला विचारलं की उत्तर हमखास येतं, ‘सगळ्यांनी जे खाल्लं तेच.’ इथे न शिकलेला माणूस वही मिटतो. शिकलेली मुलगी वाट्या पुढे मांडते. भाजी केली तेव्हा पातेल्यात किती होती? यांना कुठली वाटी दिली? पोरांना? सासूबाईंना? तुमच्या ताटात यातली कुठली? बाई वाट्यांकडे बघत राहते. मग म्हणते, ‘माझ्या वेळेला भाजी उरली नव्हती. ठेचा होता की.’

घरात अन्न किती शिजलं आणि कुणाच्या पोटात किती गेलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वाट्यांमुळे कळतं. घराचं सरासरी उत्पन्न आणि रेशनवर मिळालेलं धान्य बघून ते कधीच कळणार नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. आपलं राज्य देशातल्या श्रीमंत राज्यांपैकी एक, तरी निम्म्याहून जास्त! यावर शासन लोहाच्या गोळ्या देतं, ते योग्यच आहे. पण गोळ्या फडताळात का पडून राहतात? शौचाला काळी होते, पोट जड होतं, म्हणून बाई घाबरते आणि बंद करते. तसं होणं अपेक्षित आहे, घाबरू नका, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही, तर ताटातली लिंबाची फोड ते शोषायला मदत करते, हेही कुणी सांगितलेलं नसतं. गोळी तयार करणं औषधशास्त्राचं काम. ती पोटात जाईल आणि अंगी लागेल हे बघणं आमच्या शास्त्राचं. दोन्ही कामं सारखीच महत्त्वाची आहेत, असं मी पूर्ण विचाराने म्हणते.

आता वेळेकडे वळते. अन्नाइतकाच वेळही घरात असमान वाटला जातो, आणि तोही मोजता येतो. २०१९ साली भारत सरकारने वेळेच्या वापराचं देशव्यापी सर्वेक्षण केलं. घरातलं बिनमोबदला काम करणाऱ्या स्त्रीचा दिवसातला सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं. असं काम करणाऱ्या पुरुषाचा निघाला ९७ मिनिटं. आणि ही तुलना फक्त काम करणाऱ्यांची आहे. मुळात दिवसभरात असं काहीतरी काम करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१, पुरुष शंभरात २६.

हे आकडे नुसते भाषणात वापरायचे नसतात. ते न्यायालयात जातात. अपघातात गृहिणी गेली तर भरपाई किती द्यायची? तिचं उत्पन्न शून्य धरायचं का? २००१ साली लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचं मोल महिना ३००० रुपये धरलं, आणि हीसुद्धा कमीत कमी अंदाजाची रक्कम आहे असं मानलं. २०१० साली याच न्यायालयाने जनगणनेवर कडक ताशेरे ओढले, कारण जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत, काम न करणाऱ्यांत बसवलं होतं. आणि २०२१ च्या जानेवारीत आणखी एका निकालात वेळेच्या सर्वेक्षणाचा हाच आधार घेत गृहिणीच्या श्रमाचं मोल धरायलाच हवं असं सांगितलं. घरातल्या कामाची नोंद कशी करायची, एकाच वेळी डाळ शिजते आहे, पोर कडेवर आहे आणि सासऱ्यांचं औषध द्यायचं आहे, तर तो तास कुठल्या रकान्यात लिहायचा, हा साधा प्रश्न नाही. वर्षानुवर्षं घरात बसून, घड्याळ लावून नोंदी करणारे अभ्यासक असतात, तेव्हा कुठे न्यायालयाच्या हाती काहीतरी येतं.

घराचा तिसरा व्यवहार बाजाराशी. यात महाराष्ट्राने देशाला वाट दाखवली, हे अभिमानाने सांगितलं पाहिजे. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली. ग्राहक संरक्षणाचा कायदा आला १९८६ साली, म्हणजे त्यानंतर वीस वर्षांनी. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, आणि शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करून महिन्याचं वाणसामान एकत्र आणायला सुरुवात केली. कुटुंबाचा महिन्याचा खर्च हा देशाच्या अर्थकारणाचा केवढा तरी मोठा भाग आहे. वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचणं, कर्जाच्या हप्त्यात खरं व्याज किती ते काढणं, तक्रार लिहिणं आणि ती तडीला नेणं, हे शिकवायला लागतं. आजच्या मुलाला वीस-बावीसाव्या वर्षीच मोबाइलवर कर्ज मिळतं. ते कसं नाकारायचं, हे त्याला कोणत्या वर्गात शिकवतात?

मुलांच्या वाढीबद्दल बोलायचं तर सबंध व्याख्यान पुरणार नाही, म्हणून एवढंच. आज देशभर ज्या अंगणवाड्या आहेत, त्या एकात्मिक बालविकास योजनेतून आल्या. ती योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पण अंगणवाडीची कल्पना त्याआधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी पाड्यांवर करून दाखवली होती. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावं. मुलाचं शिकणं त्याच्या घराशी, पाड्याशी, आईच्या मजुरीशी बांधलेलं आहे, हे ताराबाईंना डहाणूच्या रानात दिसलं. पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात यूरी ब्रॉन्फेनब्रेनर यांनी मुलाच्या वाढीभोवतीच्या अशाच वर्तुळांचा सिद्धान्त मांडला. कुटुंब, शेजार, आईवडिलांची नोकरी, शासनाची धोरणं. हे ब्रॉन्फेनब्रेनर पुरुष होते, आणि ज्या महाविद्यालयात ते शिकवत त्याचं नाव आधी होम इकॉनॉमिक्स होतं, १९६९ पासून ह्यूमन इकॉलॉजी झालं.

नावाचा विषय निघालाच आहे. अलीकडे आपल्याकडेही पाट्या बदलल्या. बडोद्यात आता कुटुंब आणि समुदाय विज्ञान आहे, कृषी विद्यापीठांत सामुदायिक विज्ञान आहे, आणि एनसीईआरटीने अकरावी-बारावीच्या पुस्तकाचं नाव मानव पारिस्थितिकी आणि कुटुंब विज्ञान ठेवलं. मी या बदलाच्या विरोधात नाही. पण पाटी बदलली आणि वर्गात बसलेल्या सगळ्या मुलीच राहिल्या, तर काय बदललं? प्रयोगशाळेतली उपकरणं जुनीच राहिली, वस्तीतलं काम कमी करून वर्गातल्या प्रकल्पवह्या वाढवल्या, तर काय बदललं? आमच्यातल्याही काही जणी नव्या नावाचा आधार घेऊन ‘स्वयंपाक’ हा शब्द टाळायला लागल्या आहेत. मला ते योग्य वाटत नाही. स्वयंपाक हे या विषयाचं मोठं क्षेत्र आहे. तिथे धूर आहे, इंधन आहे, पाणी आहे, पोषण आहे, बाईचं आयुष्य आहे.

चुलीचंच बघा. आनंद कर्वे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. आरती या संस्थेतून त्यांनी सुधारित चुलींचं काम केलं, उसाच्या पाचटापासून कोळसा करायची रीत बसवली, स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारं घरगुती बायोगॅस संयंत्र बनवलं. पाचटाच्या कोळशासाठी २००२ साली आणि बायोगॅससाठी २००६ साली संस्थेला आंतरराष्ट्रीय ॲश्डेन पुरस्कार मिळाला. हे आनंद कर्वे धोंडो केशवांचे नातू आणि मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचे चिरंजीव. आजोबांनी घर बायकांच्या विद्यापीठात नेलं. नातवाने पुरुष असून चुलीपुढे बसून ती अभ्यासली, आणि कुणी त्यांना ‘हे बायकांचं काम’ म्हणालं नाही. मग आपल्या मुलांनाच का म्हणायचं?

तेव्हा इथे बसलेल्या प्राचार्यांना आणि विद्यापीठाच्या मंडळींना माझी मागणी नेमकी सांगते. पदवीच्या पहिल्या वर्षाला, मग विद्यार्थी वाणिज्यचा असो, अभियांत्रिकीचा असो की मराठीचा, घराच्या अभ्यासाचा एक पेपर सगळ्यांना ठेवा. नव्या शैक्षणिक धोरणात दुसऱ्या विद्याशाखेचे श्रेयांक घ्यायची सोय आहे, म्हणून नियमांची सबब सांगू नका. पेपर लेखी नको. विद्यार्थ्याने आपल्या वस्तीतल्या पाण्याचे नमुने तपासावेत. स्वतःच्या घरातल्या प्रत्येकाची आठवडाभराची वेळेची नोंद ठेवावी, स्वतःचीही. वाट्या घेऊन एक दिवसाचं आहार-सर्वेक्षण स्वतःच्या घरातच करावं, आईला ‘सगळ्यांनी जे खाल्लं तेच’ यावर न सोडता. आणि एक खरी ग्राहक-तक्रार निकाल लागेपर्यंत चालवून दाखवावी. निकाल विरुद्ध लागला तरी गुण द्यावेत.

कुणी म्हणेल, मुलगे हे करणार नाहीत. का नाही करणार? मुलगे आज शहरात चौघे मिळून खोली घेतात, डबा बंद झाला की स्वतः भात लावतात, गावाकडे पैसे पाठवतात, आजीला दवाखान्यात नेतात. घर ते चालवतातच. फक्त ते शिकण्यासारखं आहे, असं आजवर त्यांना कुणी म्हटलं नाही. शिकवायला माणसं तयार आहेत. राज्यभरच्या गृहविज्ञानाच्या विभागांत जागा रिकाम्या पडत चालल्या आहेत. त्या भरा, तिथल्या प्राध्यापिकांना इतर शाखांच्या वेळापत्रकात तास द्या, आणि येत्या जूनमध्ये प्रवेशाचं माहितीपत्रक छापाल तेव्हा या पेपरपुढे ‘विद्यार्थिनींसाठी’ हा शब्द छापू नका.